सांगून टाकलेल्या गोष्टी

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. गाडी दोन तास उशिरा सुटली, पण खिडकीजवळची जागा मिळाली, म्हणून कुणाशी भांडण झालं नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली पावाची भट्टी. जिन्यात पायरीपायरीला पावाचा वास येतो, त्यामुळे दम लागला तरी राग येत नाही. मला स्वतःची खोली आहे. पलंग, कपाट, खिडकी आणि दाराला आतून कडी. एक्कावन्न वर्षांची झाले तेव्हा कुठे आतून लावायची कडी मिळाली. दोनदा लावून बघितली.

जिच्याकडे कामाला आलेय ती बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. बारीक, केस मानेवर बांधलेले, बोलायला गोड. मला मावशी म्हणते. ती ब्लॉग लिहिते. ब्लॉग म्हणजे काय ते माझ्या पोरीने मला फोनवर समजावलं होतं. रोजची वहीच, फक्त सगळ्या जगाने वाचायची. मी म्हटलं, लोकांना काही कामधंदे आहेत की नाहीत. तर म्हणे लाखभर लोक हिचं वाचतात. कुठल्या गल्लीत काय चांगलं खायला मिळतं, घर कसं आवरावं, आणि ज्यांना स्वतःचा ब्लॉग काढायचाय त्यांनी काय करावं, काय करू नये.

ही वही तिनेच दिली. रोज चार ओळी लिहा म्हणाली, शब्द हाताशी राहतात. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर मी सह्या आणि सामानाच्या याद्या सोडून काही लिहिलेलं नाही. पण वही जाड कागदाची आहे. वाया कशाला घालवायची.

पोरीला पोहोचल्याचा फोन केला. तिला आठवा सरत आलाय. तिचं गाव इथून गाडीने चार तास. कळा सुरू झाल्या की हातातलं टाकून निघेन, असा शब्द दिलाय तिला. बाईलाही पहिल्याच मिनिटाला तसं सांगून ठेवलं. ती म्हणाली, अर्थातच.

४ तारीख, मंगळवार

कामाचं स्वरूप आज कळलं. मला वाटलं होतं स्वयंपाक, भांडी, झाडलोट. ते आहेच. पण खरं काम दुसरंच.

आधी फोटो. एका उकडलेल्या अंड्याचे तिने एकसष्ट फोटो काढले. अंड्याला बोलता आलं असतं तर त्याने हात जोडले असते. ताटलीची कड मी पुसायची, पांढरा पुठ्ठा मी धरायचा, म्हणजे उजेड नीट पडतो. वाफ खरी नसते. कापूस भिजवून गरम करायचा आणि ताटलीमागे लपवायचा. तासभर हे चालतं, तोवर अन्न गार ढोण.

मग मी खायचं. आणि कसं लागलं ते सांगायचं. बाई टाइप करते.

तिला स्वतःला चव लागत नाही. कशाचीच नाही. कशाने गेली म्हणून विचारलं, तर ती कॅमेऱ्याची काच पुसत बसली. जाऊ दे. मला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं की तुला कसं लागलं. मीठ कमी आहे का एवढंच विचारतात, आणि तेही तक्रार करायला. इथे बसून खायचं आणि वर बोलायचं. असली नोकरी मला आधी का नाही मिळाली?

टेबलासमोरच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. नवीन ब्लॉगवाल्यांना ती सांगते ते सल्ले. पहिलं वाक्य छोटं ठेवा. उसनं लिहू नका, स्वतःचं लिहा. वाचकापासून काही राखून ठेवू नका.

६ तारीख, गुरुवार

आज खालचा पाव. भट्टीवाला जाडा आहे, मिशांत पीठ. बाईला तो फोटोवाली म्हणतो. मला म्हणाला, ताई, तुम्ही तरी खाऊन जा, ती नुसती बघून जाते.

वर येऊन मी म्हटलं, चांगला आहे. बाई म्हणाली, चांगला म्हणजे काय? मला चिडायला झालं. पण डोळे मिटले आणि बोलत सुटले. म्हटलं, वरचं कवच फुटतं त्याचा आवाज कानात होत नाही, हाडात होतो. आतला भाग जरासा आंबूस, आणि झोपलेल्या पोराच्या मानेसारखा उबदार. मीठ शेवटी येतं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. हे कुठून आलं मला माहीत नाही. आणि गंमत म्हणजे ताटली रिकामी झालेली, तरी सांगताना तोंड पुन्हा भरून आलं. खाताना लागला त्याच्यापेक्षा सांगताना जास्त गोड लागला.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी बरोबर आठला बाईने बटण दाबलं आणि माझं सांगणं जगात गेलं. लोकांनी खाली लिहायला सुरुवात केली. तोंडाला पाणी सुटलं. जणू मीच खाल्ला, असं काय काय. दुपारी भट्टीपुढे रांग. भट्टीवाल्याने मला रांगेतून पुढे बोलावून दोन पाव हातात ठेवले.

वर येऊन खाल्ला. ओला पुठ्ठा. सर्दी झाली असणार, खिडकी उघडी ठेवून झोपले होते.

१२ तारीख, बुधवार

सर्दी नाही.

रविवारी तळलेला मासा सांगितला होता, सोमवारी लोणी. काल मासा खाल्ला तर रबर, लोणी म्हणजे मेण. पण लिंबू आंबट लागलं. साखर गोड लागली. मिरचीने नाकातून पाणी आलं. मग मी वाट्या मांडून बसले आणि एकेक चाखत गेले. जे सांगितलंय तेच गेलंय. जे सांगितलेलं नाही ते जागच्या जागी.

खात्री करून घेतली. काल संध्याकाळी उकडलेला बटाटा मीठ लावून सांगितला होता. आज सकाळी तो घेऊन घड्याळासमोर बसले. आठला पाच कमी असताना अर्धा खाल्ला. बटाट्यासारखा बटाटा. आठला बटण दाबलं गेलं. आठ वाजून एक मिनिटाने उरलेला अर्धा तोंडात घातला. माती. माती तरी बरी, तिला वास असतो.

१३ तारीख, गुरुवार

बाईला सरळ विचारलं. तिने नाही म्हटलं नाही, डोळेही चोरले नाहीत. त्याचंच मला जास्त काहीतरी वाटलं.

"मावशी, आधी चार वर्षं मी माझंच लिहिलं," ती म्हणाली. "मग माझं संपलं."

मी आवाज चढवला. चोरी आहे ही, असंही म्हटलं. तिने फोन पुढे केला. एका आजारी माणसाने लिहिलं होतं. औषधांनी त्याच्या तोंडाची चव वर्षभर गेलेली, पण माझा पाव वाचला आणि त्याला पावाची चव आली. तो रडला म्हणे. मी म्हटलं, आली असेल, पण ती माझ्या ताटातली होती.

बाई म्हणाली, जायचं असेल तर जा. तेही खोटं नव्हतं.

सामान भरायला घेतलं. भरता भरता डोक्यात आलं, ही बटण दाबते तेव्हा जे सांगितलं ते जातं ना? मग मला नको तेच सांगावं की. मला काय कुणी वेडी समजलंय?

१४ तारीख, शुक्रवार

काल रात्रीच कारलं सांगितलं. करपलेलं दूध सांगितलं. खोकल्याचं ते काळं औषध सांगितलं. बाई टाइप करता करता हसली. ती हसते हे मला माहीत नव्हतं. लोकांना फार आवडलं, इतकं खरं कुणी लिहीत नाही म्हणे. आज दोन कारली खाल्ली, गवतासारखी. फायद्याचा सौदा.

१७ तारीख, सोमवार

उजवी दाढ चार दिवस ठणकत होती. बाईला म्हटलं, दाढदुखी चालेल का? ती थांबली. मग म्हणाली, सांगून बघा.

सांगितली. सांगताना इतकी ठणकली की डोळ्यांतून पाणी आलं. सकाळी आठला गेली. जीभ लावून बघितली, दाढ आहे, किडकीच आहे, पण शेजारणीची असल्यासारखी. भट्टीवाला म्हणाला, ताई, आज अगदी नव्या नवरीसारख्या दिसताय. मी म्हटलं, तुझा पाव खात नाही ना, म्हणून. तो हिरमुसला. मला बरं वाटलं, की वाईट वाटलं, नक्की सांगता येत नाही.

१९ तारीख, बुधवार

भाजणं सांगितलं. तीस वर्षं चुलीजवळ काढलीत, माझ्या हातांवर डागांचा नकाशा आहे. आता नको ते.

२१ तारीख, शुक्रवार

आज नवरा सांगितला.

नऊ वर्षं झाली. तो अकरा दिवस दवाखान्यात होता, मी रोज डबा न्यायची. बाराव्या दिवशी डबा भरलेलाच परत आणला. संध्याकाळी तो उघडून मी एकटीने बसून खाल्ला, कारण टाकवेना. हे कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीलाही नाही. नऊ वर्षं तो घास घशात होता.

बाई टाइप करत होती. मी रडत होते, पण मोकळं मोकळं. म्हटलं, जाऊ दे हे. उद्या आठला जाऊ दे.

२२ तारीख, शनिवार

गेलं. इतकं वाचलं गेलेलं आजवर काही नाही, बाई म्हणते.

पिशवीत त्याचा फोटो असतो, तो काढून बघितला. मिशी आहे. शर्टाचं वरचं बटण तुटलंय. ते मी का लावून दिलं नव्हतं, एवढंच मनात आलं. बस आल्यावर कंडक्टरकडे बघतो तसं बघितलं आणि फोटो परत ठेवला. दुःख द्यायचं होतं. त्याच्याबरोबर तोही जाईल हे लक्षात आलं नव्हतं.

हे वाईट झालं, असं लिहून ठेवते. कळतंय, म्हणून लिहिते.

२४ तारीख, सोमवार

करपट वास आला. बघितलं तर माझाच हात तव्यावर. तळव्याची कातडी सुटली होती. बाईने पट्टी बांधली. तिच्या हातांवर असलेच जुने डाग आहेत, आज पहिल्यांदा नीट बघितले. 

२५ तारीख, मंगळवार

पोरीचा फोन. पाय सुजलेत. डॉक्टरने रक्ताचा दाब वाढलाय म्हणून सांगितलंय. फोन ठेवला. पोरीच्या आधी मला मुलगा झाला होता. नऊ महिने पोटात नीट होता, बाहेर आला तो रडलाच नाही. पोरगी पोटुशी आहे कळल्यापासून मी एक रात्र सलग झोपलेले नाही. जेवण जात नाही, काम सुचत नाही. इथे बसून मी काळजीने तिचं काय भलं करणार?

२६ तारीख, बुधवार

सांगितली. काळजी. सगळी, पहिल्यापासून. बाईची बोटं थांबली नाहीत. एकदाच विचारलं तिने, "नक्की ना, मावशी?"

मी म्हटलं, टाइप कर. मला झोपायचंय.

२७ तारीख, गुरुवार

झोपले. आठला बटण दाबल्यावर, भरदिवसा नऊ तास.

हजारभर बायकांनी खाली लिहिलंय. एक म्हणते, वाचून राहवलं नाही, हातातलं काम टाकून पोरीला फोन केला. दुसरी म्हणते, पोरीकडे निघालेय. तिसरी, तिला घट्ट धरून बसलेय. बाई वाचून दाखवत होती, मी ताटल्या पुसत होते.

२८ तारीख, शुक्रवार

पोरीचा फोन. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे ठिपके येतात. मी म्हटलं, बरं.

 मग ती म्हणाली, "आई, तू रागावलीस का माझ्यावर?"

नाही म्हटलं. रागावलेली नाहीच. राग यायला सुद्धा काहीतरी लागतं.

बाईला विचारलं, दिलेलं परत घेता येतं का? ती म्हणाली, तिने एकदा सगळं पुसून टाकलं होतं, चारही वर्षांचं. लोकांनी तोवर वाचलेलं होतं. काही परत आलं नाही. मग कुणीतरी जपून ठेवलेलं पाठवलं आणि तिने ते पुन्हा लावलं.

३० तारीख, रविवार

आज फोटो नाहीत. बाई टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मध्ये एक ताटली. कुणी हात लावला नाही. पोरीचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा उचलला. काय म्हणाली ते सगळं आठवतंय. लिहिण्यासारखं —

नाही, लिहिण्यासारखं आहे. पण लिहावंसं वाटत नाही.

३१ तारीख, सोमवार. सकाळी

जावयाचा फोन. कळा सुरू झाल्या. दाब उतरत नाही, बाळाचे ठोके मंद आहेत. दवाखान्यात नेलंय. म्हणाला, आई, ती तुमच्याशिवाय कुणाचं नाव घेत नाही, लगेच निघा.

हो म्हटलं. ताटल्या राहिल्या होत्या. पुसल्या.

अकरा वाजता

पोरगी स्वतः बोलली. शब्द तुटत होते.

"आई, निघालीस ना?"

निघते म्हटलं. खोटं नाही. निघायचंच आहे. का निघायचं ते पाठ आहे मला. पोरगी माझी, एकुलती. शब्द दिलेला. सगळं पाठ आहे. पाय —

बाई म्हणाली, मावशी, तुम्हाला जायला हवं ना? मी म्हटलं, हवं. दोघीही बसून राहिलो.

एक वाजता

शेवटची गाडी दोनला. ती गेली तर उद्या सकाळी. उद्या उशीर होईल. कशाला उशीर होईल ते मी लिहीत नाही. माहीत आहे.

भीती वाटायला हवी.

सव्वा वाजता

एक सुचलं. सांगताना परत यायचं. पाव, दाढ, तो डबा, सगळं सांगताना परत यायचं. पोरगी मी अजून सांगितलेली नाही. काळजी दिली, पोरगी नाही दिली. बाईला नाही सांगायचं. इथे लिहायचं, ही वही कुठे जात नाही.

पोरगी चार वर्षांची असताना बाजारात हरवली. तासाभराने एका भाजीवालीच्या टेबलाखाली सापडली, मटार सोलून खात बसलेली. मला बघून म्हणाली, कुठे गेली होतीस, मी किती शोधलं तुला.

आलं. छातीत धाडकन आलं. उठले. दारापर्यंत गेले, चप्पल शोधायला वाकले आणि —

गेलं. चप्पल हातात. ही कशाला घेतली?

परत येऊन बसले.

दीड वाजता

नऊ वर्षांची असताना तिने स्वतःचे केस कापले, एका बाजूने. मी ओरडले. ती म्हणाली, दुसऱ्या बाजूचे तू काप, म्हणजे तुझीपण चूक होईल. दोघी हसून —

आलं होतं. जिन्यापर्यंत टिकलं. एक मजला उतरले. भट्टीवाला खालून ओरडला, ताई, कुठे निघालात घाईने? सांगता येईना. वर आले.

दोनला वीस कमी

फोन वाजतोय. जावई असेल. तिथे काय झालं असेल ते —

कळलं. लिहून पुरं झालं की जातं. पूर्णविराम दिला की जातं. लिहिता लिहिता अर्ध्यात उठायचं. चप्पल नाही, पिशवी नाही. अर्ध्यातच.

बाई दारात उभी आहे. दार उघडून धरलंय तिने. 

पोरगी सात वर्षांची, तापाने फणफणलेली. दुपार होती, वाहन मिळेना. पाठीवर घेतली आणि धावत सुटले. चप्पल मागेच राहिली. रस्ता तापलेला. तिचं तोंड माझ्या कानाशी, श्वास गरम, आणि ती म्हणाली, आई, थांबू नकोस ना, मी आहे ना तुझ्या पाठीवर, तू फक्त